गच्चीवरच्या मिरच्या, बियांपासून : मे ते जानेवारीच्या नोंदी

10 मे 2024

आज अक्षय्य तृतीया. आळी करून बी टाकायचा दिवस म्हणून सासूबाईंनी सकाळीच कारल्या-दोडक्याच्या बिया कुंड्यांत खोचल्या. त्यांच्या पाठोपाठ मी मिरचीचा ट्रे भरायला घेतला. खरिपाच्या मिरचीचं बी शेतकरीही मेमध्येच टाकतात आणि जून-जुलैत रोपं शेतात लावतात, म्हणजे मुहूर्त आणि हंगाम दोन्ही जुळले.

जागा : पुणे, सिंहगड रस्त्याची बाजू, इमारतीची गच्ची. सकाळी नऊपासून ऊन, चारनंतर शेजारच्या इमारतीची सावली.

बी पाच प्रकारचं आहे. ज्वालाचं पाकीट कृषी सेवा केंद्रातून आणलं. ही दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची 'पुसा ज्वाला', संकरित वाण नव्हे, त्यामुळे पुढच्या वर्षी घरचं बी धरता येईल. पाकीट घेताना हे विचारून घ्या. संकरित वाणाच्या मिरचीतलं बी पेरलं तर काय उगवेल ते सांगता येत नाही. ब्याडगी आणि लवंगी या घरातल्या सुक्या मिरच्या, उन्हाळी मसाल्यासाठी आणलेल्यांतूनच काढून ठेवलेल्या. खोलची मिरची (खोल हे गोव्यातल्या काणकोणकडचं गाव) काणकोणच्या मावशीने पाठवली. तिथे डोंगरउतारावर नुसत्या पावसाच्या पाण्यावर ती घेतात. पाचवी भूत जोलोकिया, ऑनलाइन मागवलेली, दहा बियांना दीडशे रुपये. 2007 साली जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनीज बुकात हिची नोंद झाली होती. घरात ती कोणी खाणार नाही हे मागवतानाच ठाऊक होतं.

पाकिटातलं बी गुलाबी असतं. तो रंग बुरशीनाशकाचा. लहान मुलांच्या हाती देऊ नका, पेरून झालं की हात साबणाने धुवा. सुक्या मिरचीतलं बी निवडताना फिकट सोनेरी तेवढं घेतलं. तपकिरी, काळपट पडलेलं टाकून दिलं.

कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशाची, वीट भिजवली आणि पाणी तीनदा बदललं. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं निघतं. नारळाच्या सोडणात क्षार असतात, ते धुतले नाहीत तर कोवळ्या मुळांना बाधतात. कोकोपीट मुठीत घट्ट दाबल्यावर एक-दोन थेंब पडावेत, धार लागू नये. त्यात चौथा हिस्सा गांडूळखत मिसळलं. 50 खाचांचे दोन ट्रे भरले, बी अर्धा सेंटिमीटर खोल टाकलं, वरून भुरभुरतं कोकोपीट, त्यावर ओलं वर्तमानपत्र. ट्रे जिन्यात ठेवले. गच्चीवर आत्ता चाळीस अंशांच्या आसपास तापतंय, तिथे वरचा थर दुपारपर्यंत वाळून खडखडीत होतो. मिरचीच्या बियांना 25 ते 30 अंश पुरेत.

खर्च : ट्रे 60, कोकोपीट 220, गांडूळखत 100, ज्वालाचं बी 40, भूत जोलोकिया 150. एकूण 570 रुपये.

18 मे

ज्वाला जवळजवळ सगळी वर आली. वर्तमानपत्र काढलं. हे काम पहिला कोंब दिसला त्याच दिवशी करायचं, दुसऱ्या दिवसावर टाकलं तर कोंब कागदाखाली वाकडे, पांढरे होतात.

काही रोपांच्या डोक्यावर बियाचं टरफल अडकलेलं आहे आणि आत पानं मिटलेली. नखाने ओढलं की पानच तुटून येतं. पाण्याचा थेंब टाकून पंधरा मिनिटं थांबलं आणि मग सुईच्या टोकाने हळूच उचललं की टरफल सुटतं.

ब्याडगी, लवंगी एखाद-दुसरी. खोल नाही. भूत नाही.

24 मे

ज्वालाची निम्मी रोपं कोलमडली. काल संध्याकाळी ताठ होती, आज सकाळी आडवी. जवळून पाहिलं तर पानं हिरवीगार, शेंडा टवटवीत, फक्त मातीलगतची दोन-तीन मिलिमीटर मान पाणचट होऊन दोऱ्याएवढी बारीक झालेली. याला रोप कोलमडणे म्हणतात, काम बुरशीचं. एकदा मान बसली की रोप वाचत नाही, काठीचा आधार देऊन काही होत नाही.

कारणं दोन. रोज रात्री झारीने वरून पाणी घालत होते, म्हणजे रात्रभर वरचा थर ओला. आणि जिन्यात वारा नाही. आता असं केलंय : पाणी फक्त सकाळी, तेही परातीत ओतून ट्रे त्यात टेकवायचा, खालच्या भोकांतून हवं तेवढं ओढलं की उचलायचा. ट्रे जिन्यातून काढून खिडकीत, समोर टेबलफॅन अगदी हळू. आडवी झालेली रोपं त्यांच्या कोकोपीटसकट उचलून कचऱ्यात टाकली. बाकीच्यांना ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी, 5 ग्रॅम एका लिटरला. ट्रायकोडर्मा हे औषध नाही, पडलेलं रोप ते उठवत नाही. बी पेरायच्या आधीच कोकोपीटमध्ये मिसळलं असतं तर जास्त उपयोग झाला असता.

ज्वालाचं उरलेलं बी पुन्हा पेरलं. दोन आठवडे गेले ते गेलेच.

3 जून

खोल आली. ब्याडगी रडतरखडत, टाकलेल्यातलं तिसरा हिस्साही नाही. लवंगी त्याहून बरी. सुक्या मिरचीतल्या बियाचं असंच असतं. मिरची किती जुनी, किती कडक उन्हात वाळवलेली, यावर सगळं, आणि ते आपल्याला कळायला मार्ग नाही. हवं त्याच्या तिप्पट-चौपट बी टाकायचं, फुकटच तर आहे.

भूत जोलोकियाची आशा सोडून त्या खाचांत तुळस टाकणार होते. आज दोन कोंब दिसले. हिची जातकुळी वेगळी. ज्वाला-ब्याडगी आठ-दहा दिवसांत रुजतात, हिला तीन-चार आठवडे लागतात. ट्रे उलटा करायची घाई करू नका.

खिडकीतली रोपं लांबडी झालीत, उजेडाकडे माना काढून. आजपासून सकाळचं दोन तास ऊन, मग रोज थोडं वाढवत नेणार. एकदम दिवसभर उन्हात ठेवली तर पानं पांढरी पडून करपतात.

16 जून

पाऊस सुरू झालाय, हवा उतरली. मोठ्या झालेल्या रोपांची लागवड आज. चार ते सहा खरी पानं आली की रोप हलवायला हरकत नाही. पहिली दोन लांबट पानं मोजायची नाहीत.

बारा इंची ग्रो बॅग बारा घेतल्या. माती : दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट, दर बॅगेला दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत नर्सरीतून आणलं. पोतं ओतलं तेव्हा हाताला गरम लागलं आणि वास आला. कुजलेल्या खताला मातीचा वास येतो, शेणाचा नाही. परत करायला गेले तर 'वापरा हो, सगळे हेच नेतात' असं उत्तर. वापरलं नाही. गच्चीच्या कोपऱ्यात ढीग करून, पाणी मारून, गोणपाटाने झाकून ठेवलं. लागवड तेवढी गांडूळखतावर भागवली.

ढीग करताना पांढऱ्या, इंग्रजी 'सी'च्या आकारात वळलेल्या अळ्या निघाल्या, करंगळीएवढ्या. सासूबाई बघताच म्हणाल्या, "हुमणी गं ही, मुळं खाते." एकेक वेचून काढल्या. खताच्या ढिगात दिसणारी प्रत्येक अळी पिकाची मुळं खाणारीच असते असं नाही, काही नुसतं कुजलेलं खाऊन राहतात. पण बारा इंची बॅगेत परीक्षा बघायला जागा नसते. खत वापरण्याआधी चाळून घ्या.

रोप बॅगेत लावताना पहिल्या पानांपर्यंत खोल लावलं. लांबडी झालेली रोपं त्याने सावरली.

आज लागलेली : ज्वाला 4, लवंगी 2, ब्याडगी 2, खोल 3. भूत अजून ट्रेमध्ये, तिची बॅग राखून ठेवली आहे. लवंगी-ब्याडगी कोणती कुठली हे मात्र फळ लागल्यावर कळेल. ट्रेवरच्या पट्ट्यांवर मार्करने लिहिलं होतं, उन्हाने सगळं उडालं. पेन्सिलने लिहा, ते पावसातही टिकतं.

खर्च : बॅगा 360, माती आणि शेणखत 450, निंबोळी पेंड 100. आजवर 1480 रुपये.

7 जुलै

गेल्या पंधरवड्यात शेंड्याची पानं आवळायला लागली. आधी एका ज्वालाची, मग शेजारच्या दोन झाडांची. गावाकडे याला बोकड्या म्हणतात, कृषी खात्याच्या पत्रकांत चुरडा-मुरडा. घरी मिरची लावणाऱ्यांतले बरेच जण इथेच थकतात आणि झाड उपटतात.

कडुनिंबाच्या तेलाची फवारणी केली. फरक नाही. आठवड्याने पुन्हा केली. फरक नाही. मग दुकानातून 'बोकड्याचं औषध' म्हणून मिळालेली बाटली आणली, 280 रुपये. रस शोषणाऱ्या किडींसाठीचं अंतर्प्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं, कीटकनाशक. मोजून मारलं.

14 जुलै

पहिल्यापेक्षा वाईट. आता पाच झाडं. नवी पानं बोटाच्या नखाएवढी, जाडसर, ठिसूळ, खालून तांबूस चकाकणारी.

दुपारी दहापट मोठं दाखवणारं भिंग आणलं, 180 रुपये. हे पहिल्या दिवशीच घ्यायला हवं होतं, ट्रेच्याही आधी.

पान शेंड्याकडचं, सर्वांत कोवळं घ्यायचं. उलटं करून उन्हाकडे पाठ करून बघायचं. मधल्या शिरेच्या बगलेत नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. भिंगातून दिसले ते काचेसारखे फिकट पिवळे ठिपके. आधी वाटलं पाण्याचे बारीक थेंब. मग त्यातला एक चालायला लागला. बाजूला बारीक, ठिपकेदार अंडी. ही कोळी, पिवळी कोळी. हिला आठ पाय, म्हणजे हा कीटकच नाही. म्हणून किडीच्या औषधाने ती मेली नाही, उलट तिला खाणारे मित्रकीटक तेवढे मेले आणि तिचं रान मोकळं झालं. बाटली वापरल्यावर झाडं जास्त बिघडली ती यामुळे.

आता ज्यासाठी ही वही लिहितेय ते. बोकड्या हा एक रोग नाही, एकाच दिसण्यामागे तीन निरनिराळी कारणं असतात, आणि पानाची वळण्याची दिशा बघितल्याशिवाय फवारा हातात घ्यायचा नाही.

पानाच्या कडा खाली वळल्या, पान उपड्या होडीसारखं झालं, देठ लांबला : कोळी. दमट, ढगाळ, उबदार हवेत वाढते, म्हणजे आपला जुलै-ऑगस्ट.

कडा वर वळल्या, पान वाटीसारखं झालं, खालच्या बाजूला चंदेरी-तपकिरी ओरखडे : फुलकिडे. कोरड्या हवेत वाढतात. पावसाचे सपकारे बसले की कमी होतात. कोऱ्या पांढऱ्या कागदावर शेंडा टकटक आपटला की एक-दोन मिलिमीटरची पिवळसर किंवा काळपट रेघ पळताना दिसते.

पानं बारीक, पिवळट, शिरा जाड, पेरं आखूड होऊन सगळा शेंडा गुच्छासारखा झाला, भिंगाखाली काहीच नाही : विषाणू. पांढरी माशी तो आणते. यावर औषध नाही.

माझी पानं खाली वळलेली होती आणि मी फुलकिड्यांचं औषध मारत बसले होते.

15 जुलै

पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक आणलं, अर्धा किलो 120 रुपये. 2 ग्रॅम एका लिटरला, पानांच्या खालच्या बाजूने, शेंडे निथळेपर्यंत. दोन गोष्टी सांभाळा. कडक उन्हात गंधक मारलं तर पानं करपतात. आणि तेलाची फवारणी झाली असेल तर त्यावर दोन आठवडे गंधक नको, दोन्ही मिळून पानं भाजतात. माझं तेल गेल्या आठवड्यातलंच होतं, म्हणून आज फक्त एका झाडावर मारून बघितलं. बाकीच्यांचे वाकडे शेंडे कापून पिशवीत बांधून टाकले. वाकडं झालेलं पान पुन्हा सरळ होत नाही, तेव्हा त्याचा लोभ धरू नये.

आजवर 2060 रुपये.

25 जुलै

रात्रभर धो धो. सकाळी खडकवासल्यातून पाणी सोडलं, एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी. आमच्याकडे गच्चीवर घोटाभर पाणी, कारण पन्हाळीच्या तोंडाशी कोणाचा तरी प्लॅस्टिकचा कागद. अशा दिवशी मिरच्यांचं रडगाणं गाऊ नये, पण नोंद हवी म्हणून : तीन बॅगांची खालची भोकं मातीने बुजलेली होती, आत चिखल. झाडं दुपारी पाण्यात उभी असूनही सुकल्यासारखी माना टाकून. मुळांना हवा मिळाली नाही की असं होतं, आणि माणूस पाणी कमी पडलं समजून आणखी ओततो.

बॅगा विटांवर चढवल्या, स्क्रू-ड्रायव्हरने बाजूला, बुडापासून दोन बोटं वर, नवी भोकं पाडली. सगळं पत्र्याखाली सरकवलं.

2 ऑगस्ट

एक खोल मेली. मुळं तपकिरी, बोटांत धरली की साल निघून येत होती. बाकी दोन तगल्या.

गंधक मारलेल्या झाडाला नवी पानं सपाट आली. परवा बाकीच्यांनाही मारलं, आठवड्याने आणखी एकदा. भूत जोलोकिया बॅगेत लावली.

20 ऑगस्ट

ज्वालाला फुलं. पांढरी, खाली तोंड केलेली, नखाएवढी. निम्मी गळताहेत. पहिली फुलं गळतात, ऊन नाही म्हणून गळतात, पाणी जास्त झालं म्हणून गळतात, आणि नत्र जास्त झालं तर झाड पानांवरच रमतं. मी खत थांबवलं आणि झाडं पत्र्याखालून बाहेर आणली. एवढंच.

शेंडा खुडण्याबद्दल : दोन ज्वालांचे शेंडे जूनअखेरीस खुडले होते, दोनांचे नाही. खुडलेली बुटकी, पसरट झाली, वाऱ्यात आडवी पडत नाहीत. न खुडलेल्यांना फुलं आधी आली. गच्चीवर वारा फार असेल तर खुडा, नाहीतर झाड आपसूक फांद्या फोडतं.

8 सप्टेंबर

काल गणपती बसले. आज ऋषिपंचमी, आणि पहिला तोडा नेमका आजचा. ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, आणि तिखटाला फक्त हिरवी मिरची. ग्रो बॅगेतल्या मिरचीइतकी बैलापासून लांबची मिरची दुसरी कोणती! सासूबाईंनी पाच मिरच्या मोजून घेतल्या, बाकीच्या झाडावर राहू द्या म्हणाल्या.

तोडताना मिरची ओढायची नाही, देठ धरून वरच्या बाजूला मोडायची. ओढली की फांदीसकट येते, मिरचीचं लाकूड ठिसूळ असतं. पहिल्या मिरच्या हिरव्याच तोडत गेलं की पुढची फुलं लवकर धरतात. लाल करायच्या तर दुसऱ्या बहरापासून ठेवा.

6 ऑक्टोबर

लवंगी आणि ब्याडगीची ओळख पटली. एकीच्या बोटाच्या पेराएवढ्या मिरच्या, दुसरीच्या लांब, लोंबत्या, लाल होता होता सुरकुतायला लागलेल्या.

पाऊस ओसरला, ऑक्टोबरचं ऊन चढलं, आणि पुन्हा पानं वळायला लागली. या वेळी आधी भिंग. कडा वर, वाटीसारख्या. फुलं कागदावर झटकली तर काळपट, सुतासारखे किडे पळाले. फुलकिडे. 2021 साली तेलंगणा आणि आंध्रातली मिरचीची शेतं ज्यांनी झोडपली, ते बाहेरून आलेल्या नव्या जातीचे फुलकिडे असेच फुलांत घोळक्याने असतात. माझ्याकडचे तेच की जुने, हे भिंगाने सांगता येत नाही.

गंधक इथे कामाचं नाही. कडुनिंबाचं तेल, 5 मिली लिटरला. तेल थेट पाण्यात ओतलं की वर तरंगतं, आणि पहिल्या चार झाडांवर नुसतं पाणी, शेवटच्यावर नुसतं तेल जातं. जुलैत माझं असंच झालं असणार. आधी कोमट पाण्यात थोडा पातळ साबण, त्यात तेल, दुधासारखं पांढरं होईपर्यंत हलवायचं, मग बाकीचं पाणी. सूर्यास्तानंतर, फुलं आणि पानांच्या खालून.

एका फवारणीत काम होत नाही. फुलकिड्याची अंडी पानाच्या आत असतात आणि कोशावस्था मातीत, दोन्ही फवाऱ्याच्या पलीकडे. म्हणून आठवड्याच्या अंतराने तीनदा, आणि मधल्या दिवसांत मातीचा वरचा थर खुरप्याने हलवून निंबोळी पेंड. झाडांच्या उंचीवर निळे चिकट सापळे. पिवळे पांढऱ्या माशीसाठी आणि माव्यासाठी, निळे फुलकिड्यांसाठी. सापळ्याने कीड संपत नाही, पण वाढतेय की घटतेय ते कळतं.

खर्च : तेल 210, सापळे 150. एकूण 2420 रुपये.

19 ऑक्टोबर

एका खोलचा शेंडा गुच्छासारखा, पानं गव्हाच्या दाण्याएवढी, भिंगाखाली स्वच्छ. पिवळ्या सापळ्यावर पांढऱ्या माश्या होत्याच. विषाणू. उपटली, पिशवीत बांधून खाली नेली. मावशीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगो, बी आणखी पाठयतां, तू रडां नाका." तीन खोलांतली एकच राहिली.

2 नोव्हेंबर

काल लक्ष्मीपूजन झालं, गच्चीवर फटाक्यांचा कचरा, झाडं शाबूत. फुलकिडे आटोक्यात. ज्वालाला आता सर्वांत जास्त धर आहे. रात्री गार, दिवसा ऊन, मिरचीला हीच हवा मानवते. ठेचा आठवड्यातून दोनदा, त्याहून जास्त घरात खपत नाही. जास्तीच्या शेजारी गेल्या.

8 डिसेंबर

ब्याडगी, खोल, लवंगी वाळवायला काढल्या. मिरची झाडावरच जरा मऊ पडेपर्यंत ठेवली की लवकर वाळते. देठ काढायचा नाही, देठाच्या जागी भोक पडतं आणि तिथून बुरशी आत जाते. एक थर, एकीवर एक नाही. संध्याकाळी आत, कारण आता पहाटे दव पडतं. बाहेरून छान दिसणारी एक ब्याडगी मोडून बघितली तर आत काळी बुरशी. मग सगळ्या कानाशी धरून हलवल्या. नीट वाळलेलीतलं बी खुळखुळतं. जी मुकी निघाली ती पुन्हा उन्हात.

भूत जोलोकियाला सात फळं, त्यातली दोन लाल. खडबडीत, सुरकुतलेली सालं. बी काढण्यासाठी एक कापली, हातमोजे न घालता. अर्ध्या तासाने बोटं पेटली. पाण्याने धुतल्यावर आग आणखी पसरली, कारण तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. खोबरेल तेल चोळून, मग भांड्यांचा साबण, असं तीनदा केल्यावर उतार. तिखट बियांत असतं असं आपण म्हणतो, पण ते मुख्यतः बिया धरणाऱ्या आतल्या पांढऱ्या भागात असतं. बियांना त्याचं लागतं, इतकंच. भूत कापायची तर हातमोजे, खिडकी उघडी, आणि मिक्सरचं झाकण लगेच उघडू नये.

12 जानेवारी 2025

वाळलेल्या मिरच्या सगळ्या मिळून एका मध्यम बरणीत मावल्या. पैशांचा हिशेब लावायला बसलं तर मंडईतून पोतंभर आली असती, तेव्हा बसले नाही.

मिरचीचं झाड एका हंगामात मरतं असं नाही. ज्वाला आणि भूत गुडघ्याएवढ्या उंचीवर छाटल्या, वरची माती बोटभर काढून मुरलेलं शेणखत घातलं. जूनमधला तो ढीग आता काळा, भुसभुशीत झालाय. ब्याडगी काढून टाकली, खोडाशी डिंकासारखं काहीतरी यायला लागलं होतं.

बियांबद्दल शेवटचं. शेजारच्या काकू विचारत होत्या, भुताशेजारी ठेवल्यामुळे ढोबळी मिरची तिखट होते का. या वर्षीची होत नाही. फळाचा गर आईच्या झाडाचा असतो, पराग कोणाचा का पडेना. फरक पडतो तो त्या फळातल्या बियांत. मिरचीचं फूल स्वतःचं स्वतः फळतं, पण मधमाश्या इकडचं तिकडे करतातच, आणि माझ्या सगळ्या बॅगा एकाच ओळीत. म्हणून ज्वालाचं आणि खोलचं बी फक्त त्या फळांतून धरलं ज्यांची फुलं उमलण्याआधी मलमलीच्या पिशवीत बांधली होती. पिशवी फळ धरेपर्यंत ठेवायची, रोज फांदीला एक टिचकी मारायची, फळ धरलं की पिशवी काढून देठाला लाल दोरा. दोरा न बांधलेली फळं खाऊन टाकली. बी सावलीत वाळवून कागदी पाकिटात, वर नाव आणि तारीख पेन्सिलने. लवंगीच्या एकाही फुलाला पिशवी बांधली गेली नाही, तिचं बी पुढच्या वर्षी पुन्हा सुक्या मिरचीतूनच काढावं लागेल.